मीठ व कर्करोग

मीठ व कर्करोग : आहारातील मिठाचे (सोडियम क्लोराइडाचे) अतिरिक्त प्रमाण आणि कर्करोगी कोशिकांची (पेशींची) उत्पत्ती व वाढ यांच्या संबंधाचा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने जठराच्या कर्करोगाच्या संदर्भात पुढे आला. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या संशोधनातून असे दिसून आले आहे की, मीठ हे स्वतः कर्करोग निर्माण करणारे द्रव्य नाही. परंतु जठराच्या आतील अस्तरास इजा करून ते इतर कर्करोगजनक कारणांचा मार्ग सुकर करते व सुरू झालेल्या विकृतीची वाढ घडवून आणते. या निष्कर्षापर्यंत पोहोचण्यास जपानमधील मृत्युनोंदी, स्थलांतरितांची पाहणी, प्राण्यांवरील प्रयोग, एका जंतूचा शोध आणि कोशिकाविज्ञान या सर्वांचा उपयोग झाला. त्यामुळे एखाद्या रोगाच्या कारणांची उकल कशी होत जाते, याचे हे एक उद्‌बोधक उदाहरण मानता येईल.

पार्श्वभूमी : अन्न टिकविण्यासाठी मिठाचा वापर फार प्राचीन आहे. मीठ तर्षणाने (अर्धपार्य पटलातून द्रव पलीकडे जाण्याच्या क्रियेने) अन्नातील व सूक्ष्मजंतूंमधील पाणी ओढून घेते आणि जंतूंची वाढ थांबविते. मासे, मांस व भाज्या खारवून हिवाळ्यासाठी साठविण्याची पद्धत यूरोप, चीन, कोरिया व जपान येथे शतकानुशतके रूढ होती. प्रशीतक घरोघरी येईपर्यंत या पद्धतीस व्यवहार्य पर्याय नव्हता. त्याच काळात जठराचा कर्करोग हा अनेक देशांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमुख कारण होता. अमेरिकेतही १९३० च्या सुमारास त्याचे स्थान अग्रभागी होते. पुढे तेथे विशेष उपाययोजना न करताही हे प्रमाण सातत्याने घटत गेले. या घटीचे कारण काय, हा प्रश्न संशोधकांपुढे होताच. जपानमध्ये हे प्रमाण बराच काळ उंच राहिल्याने तो अधिक तीव्र झाला.

जपानमधील निरीक्षणे : उत्तर जपानमधील आकिता प्रांतात १९५० नंतरच्या दशकात प्रौढांच्या आहारात दररोज सु. २६ ते २७ ग्रॅ. मीठ असे. सोया सॉस, मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारी लापशी), खारवलेले मासे व खारवलेल्या भाज्या हे त्याचे मुख्य मार्ग होते. सोया सॉसमध्ये मिठाचे प्रमाण सर्वसाधारणपणे १६ टक्क्यांच्या आसपास असते. या प्रांतात पक्षाघाताने होणारे मृत्यू फार असल्याने मिठाकडे प्रथम रक्तदाबाच्या दृष्टीने लक्ष गेले. १९५९ मध्ये सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानच्या निरनिराळ्या भागांतील जठर कर्करोगाचे मृत्युप्रमाण व खारवलेल्या अन्नाचे सेवन यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी अतिशय खारे अन्न दिलेल्या उंदरांच्या जठरात रक्तस्राव होत असल्याचेही दाखविले. आकडेवारीतून सुचलेल्या कल्पनेला प्रत्यक्ष ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) आधार शोधण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक होय.

बेल्जियममधील लूव्हाँ येथील जे. व्ही. योसेन्स यांनी १९६५ पासून आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. ज्या देशांत पक्षाघाताचे मृत्यू अधिक, त्या देशांत जठर कर्करोगाचे मृत्यूही अधिक असतात आणि दोन्ही प्रमाणे काळाच्या ओघात बरोबरीने घटतात. दोन अगदी भिन्न रोगांची ही जोडी एकाच समान कारणाकडे बोट दाखविते व ते कारण मीठ असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी २४ देशांतील लोकांच्या चोवीस तासांच्या मूत्रातील सोडियमाच्या मोजणीचा आधार घेतला. सोडियमाचे उत्सर्जन व जठर कर्करोगाचे मृत्युप्रमाण यांचा सहसंबंध गुणांक पुरुषांत ०·७० व स्त्रियांत ०·७४ इतका आढळला.

स्थलांतरितांच्या पाहणीने आनुवंशिकतेची शंका बऱ्याच अंशी दूर केली. विल्यम हेन्सेल व मिनोरू कुरिहारा यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतील जपानी लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. जपानमध्ये जन्मून स्थलांतर केलेल्यांत जठर कर्करोगाचे प्रमाण बरेचसे मायदेशासारखेच राहिले होते, तर अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांत ते उतरले होते. वंश तोच असून प्रमाण बदलले, याचा अर्थ कारण परिसरात, विशेषतः बालपणापासूनच्या राहणीत व आहारात असले पाहिजे. १९७२ मध्ये हवाईतील जपानी लोकांच्या पाहणीत खारवलेल्या भाज्या आणि खारवून सुकविलेले मासे यांचा रोगाशी संबंध दिसून आला.

मात्र सर्व पुरावा एकाच दिशेने जात नव्हता. ताकेशी हिरायामा यांनी १९६५ मध्ये जपानच्या सहा प्रांतांतील चाळीस वर्षांवरील २,६५,११८ व्यक्तींची दीर्घकालीन पाहणी सुरू केली. तीत मिसोचे कढण दररोज घेणाऱ्यांत जठर कर्करोगाचे मृत्यू कमीच आढळले. हे कढण खारट असूनही असे का व्हावे, याचे समाधानकारक उत्तर केवळ मिठाच्या आधारे देता येत नव्हते. सोयाबीन, त्यात घातल्या जाणाऱ्या भाज्या आणि एकूण आहाराचा दर्जा यांचाही विचार करणे भाग पडले. अन्नातील मीठ वेगळे काढून मोजता येत नाही. ते नेहमी कोणत्या ना कोणत्या पदार्थाबरोबर पोटात जाते, ही अडचण पुढील सर्व पाहण्यांना भेडसावीत राहिली.

प्राण्यांवरील प्रयोग : ताकाशी सुगिमुरा व एस. फुजिमुरा यांनी १९६७ मध्ये एमएनएनजी (नायट्रोसोग्वानिडीन वर्गातील एक संयुग) पिण्याच्या पाण्यातून देऊन उंदरांच्या ग्रंथियुक्त जठरात कर्करोग निर्माण केला. माणसातील रोगाशी साम्य असलेले हे प्रतिमान उपलब्ध झाल्याने मिठाचे कार्य तपासणे शक्य झाले. १९७५ मध्ये तातेमात्सू व सहकाऱ्यांनी अशा उंदरांना त्याबरोबर अतिखारट आहारही दिला, तेव्हा अर्बुदांचे (गाठींचे) प्रमाण वाढले. नुसते मीठ दिलेल्या उंदरांत मात्र कर्करोग झाला नाही. हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया ठरला.

कर्करोगाच्या निर्मितीत आरंभ व प्रवर्तन असे दोन टप्पे मानले जातात. आरंभक द्रव्य कोशिकेच्या डीएनएमध्ये (आनुवंशिक गुणधर्मांच्या वाहक अम्लामध्ये) कायमचा बदल घडविते, तर प्रवर्तक द्रव्य असा बदल झालेल्या कोशिकांच्या वाढीस उत्तेजन देते. ताकाहाशी व सहकाऱ्यांनी १९८३ च्या सुमारास एमएनएनजी देणे थांबविल्यानंतर खारट आहार देऊनही अर्बुदे वाढतात, असे दाखवून मिठाचे प्रवर्तक कार्य स्पष्ट केले. याच सुमारास फुरिहाता व सहकाऱ्यांना असे आढळले की, संहत (तीव्र) मीठद्रावण उंदरांच्या जठरात घातल्यावर ऑर्निथीन डीकार्‌बॉक्सिलेज या एंझाइमाची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची) क्रियाशीलता व डीएनएचे संश्लेषण ही दोन्ही वाढतात. या एंझाइमाची वाढ हे कोशिकाविभाजनाच्या तयारीचे लक्षण आहे.

यावरून पुढील यंत्रणा मांडण्यात आली : जठराच्या आतील पृष्ठभागावर श्लेष्म्याचा (बुळबुळीत स्रावाचा) थर असतो व तो अम्लापासून अस्तराचे रक्षण करतो. संहत मीठ या थराची घनता बदलते व त्याखालील कोशिकांतील पाणी ओढून त्यांचा नाश करते. नष्ट झालेल्या कोशिकांची जागा भरून काढण्यासाठी उरलेल्या कोशिका वेगाने विभाजन पावतात. विभाजनाच्या वेळी डीएनए अधिक असुरक्षित असते. त्यामुळे अन्नातील नायट्रोसो संयुगांसारख्या कर्करोगजनक द्रव्यांना वाव मिळतो. ही इजा एकदोन वेळा झाल्यास भरून येते. ती वर्षानुवर्षे दररोज होत राहिल्यास अस्तर क्षीण होते.

कर्करोगपूर्व अवस्थांची साखळी : पेलायो कोरेआ व सहकाऱ्यांनी कोलंबियातील नारीन्यो या डोंगराळ प्रदेशातील अभ्यासाच्या आधारे १९७५ मध्ये जठर कर्करोगाचे एक प्रतिमान मांडले व १९९२ मध्ये ते विस्ताराने प्रसिद्ध केले. त्यानुसार जठरशोथ (जठराच्या अस्तराची दाहयुक्त सूज), अस्तराची अपपुष्टी (रोडावणे), जठराच्या अस्तराचे आतड्याच्या अस्तरासारखे रूपांतर, कोशिकांच्या रचनेतील विकृती व शेवटी कर्करोग अशा पायऱ्या काही दशकांच्या काळात ओलांडल्या जातात. मिठाचे कार्य मुख्यतः यांतील आरंभीच्या पायऱ्यांवर होते, असे कोरेआ यांचे मत होते. [→ जठर, कर्करोग].

हेलिकोबॅक्टर जंतूचा शोध : ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जे. रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी जठरशोथ असलेल्या अस्तरातील वक्राकार जंतू १९८२ मध्ये संवर्धित केला. पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी असे नाव मिळालेल्या या जंतूच्या शोधाबद्दल त्यांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूच्या संसर्गाचा माणसातील निश्चित कर्करोगजनकांत समावेश केला. त्यामुळे मिठाचे महत्त्व संपले, असे काही काळ वाटले. प्रत्यक्षात प्रश्न अधिक नेमका झाला : जंतू असलेल्या जठरात मीठ काय करते?

१९९९ मध्ये फॉक्स व सहकाऱ्यांनी खारट आहारावरील उंदरांत अस्तराच्या कोशिकांची अतिवृद्धी होते व जंतूंची वसाहतही दाट होते, असे दाखविले. २००६ मध्ये काटो व सहकाऱ्यांना जंतुसंसर्ग झालेल्या मंगोलियन जर्बिल या कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांत मिठाच्या मात्रेनुसार रासायनिक कर्करोग वाढत गेल्याचे आढळले. त्याबरोबर खोल ग्रंथींतील श्लेष्मा घटला व पृष्ठभागावरील श्लेष्मा वाढला. या जंतूचे वास्तव्य पृष्ठभागावरील श्लेष्म्यात असते, तर खोल ग्रंथींतील श्लेष्मा त्याला मानवत नाही. म्हणजे मिठाने त्याच्यासाठी जागाच तयार करून दिली. २००७ मध्ये लोह, टॉरेस व कव्हर यांनी जंतूच्या काही वाणांत मिठामुळे कॅगए या विषारी प्रथिनाची निर्मिती वाढते, असे सिद्ध केले. हे प्रथिन जंतूकडून जठराच्या कोशिकेत टोचले जाते व तिच्या वाढीचे नियंत्रण बिघडविते. २०१३ मध्ये गॅडी व सहकाऱ्यांच्या प्रयोगात खारट आहारावरील संसर्गित जर्बिलांत कर्करोग अधिक प्रमाणात आढळला; कॅगए जनुक काढून टाकलेल्या जंतूंच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. याउलट २००५ मधील एका प्रयोगात निराळ्या वाणाच्या उंदरांत जंतूमुळे कर्करोगपूर्व बदल झाले, पण मिठामुळे त्यांत भर पडली नाही. आश्रय देणारा प्राणी, जंतूचा वाण व मिठाची मात्रा या तिन्हींवर परिणाम अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

माणसांच्या पाहण्यांतही हेच चित्र दिसते. जपानमधील हिसायामा येथे २,४७६ व्यक्तींची चौदा वर्षे पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज १० ग्रॅ. पेक्षा अधिक मीठ घेणाऱ्यांत धोका वाढलेला होता. परंतु ही वाढ जंतुसंसर्ग व अस्तराची अपपुष्टी ही दोन्ही असलेल्या व्यक्तींत ठळक होती. नेदर्लंड्समधील मोठ्या पाहणीत (२००३) आहारातील एकूण मिठाचा असा संबंध फारसा दिसला नाही. २०१२ मध्ये दएलिया व सहकाऱ्यांनी २,६८,७१८ व्यक्तींचा समावेश असलेल्या सात पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात अधिक मीठ खाणाऱ्यांत धोका कमी मीठ खाणाऱ्यांच्या १·६८ पट आढळला. ब्रिटनमधील सु. ४,७१,००० व्यक्तींच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ताटातील अन्नावर नेहमी वरून मीठ घेणाऱ्यांत, क्वचित किंवा कधीच न घेणाऱ्यांच्या तुलनेने, धोका सु. ४१ टक्क्यांनी अधिक होता.

खारवलेली मासळी व घशाचा कर्करोग : दक्षिण चीनमधील लोकांत नासाग्रसनीचा (नाकामागील घशाच्या भागाचा) कर्करोग फार आढळतो. हाँगकाँगमधील जॉन हो यांनी त्याचा संबंध खारवलेल्या मासळीशी जोडला. तेथे ही मासळी भाताबरोबर लहान मुलांना अंगावरचे दूध सोडविताना देण्याची चाल होती. मिमी यू व सहकाऱ्यांच्या १९८६ मधील पाहणीने या कल्पनेस दुजोरा मिळाला व १९९३ मध्ये चिनी पद्धतीच्या खारवलेल्या मासळीचा समावेश निश्चित कर्करोगजनकांत करण्यात आला. येथे मीठ प्रत्यक्ष दोषी नसून खारविण्याच्या पद्धतीत मासा अंशतः कुजून निर्माण होणारी नायट्रोसअमाइने कारणीभूत मानली जातात. ‘खारट अन्न’ व ‘मीठ’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे का आवश्यक आहे, ते या उदाहरणावरून कळते.

कोशिकांच्या पातळीवर मिठाचा परिणाम : रक्तातील सोडियमाचे प्रमाण वृक्के (मूत्रपिंडे) दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या मर्यादेत राखतात. म्हणून आहारात मीठ वाढले, तरी फुप्फुस, स्तन किंवा यकृत यांच्या कोशिकांभोवती ते त्या प्रमाणात वाढत नाही. संहत मिठाशी थेट गाठ पडते ती मुख्यतः जठराच्या अस्तराची आणि वृक्काच्या आतील भागाची. मिठाचा संबंध इतर इंद्रियांऐवजी जठराच्याच कर्करोगाशी का आढळतो, याचे हे मुख्य स्पष्टीकरण आहे.

संवर्धनपात्रातील कोशिकांभोवती मीठ एकदम वाढविल्यास त्या आकसतात, त्यांचे विभाजन थांबते व मात्रा फार असल्यास त्या मरतात. क्युल्ट्‌स व चक्रवर्ती यांनी २००१ मध्ये उंदरांच्या वृक्कातील कोशिकांत वाढलेल्या मिठाने डीएनएचे तुकडे होतात, असे दाखविले. तेवढ्याच तर्षण दाबाच्या यूरियाने तसे झाले नाही. दमित्रिएव्हा व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पुढे असे सिद्ध केले की, अधिक मिठास सरावलेल्या कोशिका पुन्हा वाढू लागतात, पण त्यांच्या डीएनएतील तुटी दुरुस्त न होता तशाच राहतात. मीठ कमी होताच दुरुस्ती सुरू होते. या सरावामागे एनएफएटी५ नावाचे नियामक प्रथिन असते. ते १९९९ मध्ये ओळखले गेले. २००२ मध्ये झोलियाक व सहकाऱ्यांनी याच प्रथिनाचा स्तन व बृहदांत्र यांच्या कर्करोगी कोशिकांच्या घुसखोरीत सहभाग असल्याचे दाखविले.

कोशिकेच्या आतील सोडियमाचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. क्लॅरेन्स कोन यांनी १९७१ मध्ये असे मांडले की, कोशिकापटलाचा विद्युत् दाब व आतील सोडियमाचे प्रमाण यांवर विभाजनाचे नियंत्रण अवलंबून असते. कॅमेरॉन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये क्ष-किरण सूक्ष्मविश्लेषणाने अर्बुदांच्या कोशिकांत सोडियम अधिक असल्याचे दाखविले. पुढे सोडियमावर आधारलेल्या चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने स्तनाच्या मारक अर्बुदांत ते सु. ६० टक्क्यांनी अधिक आढळले. हे सोडियम ताटातील मिठामुळे वाढलेले नसते. पटलातील सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा बिघडल्याने व कोशिकांमधील अवकाश वाढल्याने ते साठते. ते रोगाचे लक्षण आहे. आहारातील कारण नव्हे.

रोगप्रतिकारक्षमता : २०१३ मध्ये मिठामुळे शोथकारक टी-कोशिकांची निर्मिती वाढते, असे आढळल्यावर संशोधनास नवे वळण मिळाले. २०१९ मध्ये खारट आहारावरील उंदरांत कातडीखाली रुजविलेली अर्बुदे उलट मंद गतीने वाढली. प्रतिकारास अडथळा आणणाऱ्या कोशिकांचे कार्य मंदावल्याने असे घडले. २०२१ मध्ये फरीदाबाद येथील संशोधकांनी उंदरांतील असाच परिणाम आतड्यातील बिफिडोबॅक्टीरियम जंतू व नैसर्गिक मारक कोशिका यांच्या द्वारे होत असल्याचे दाखविले. २०२४ मध्ये अर्बुदविरोधी टी-कोशिका मिठाने अधिक कार्यक्षम होतात, असे दोन गटांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. या प्रयोगांचा उपयोग पुढे शरीराबाहेर टी-कोशिका तयार करताना होऊ शकेल. मात्र त्यांवरून माणसाने मीठ अधिक खावे, असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. उंदरांना दिलेले प्रमाण माणसाच्या आहाराच्या पलीकडचे असते आणि मिठाने रक्तदाब, पक्षाघात व जठराची इजा यांचा वाढणारा धोका निश्चित आहे.

भारतातील स्थिती : भारतात हेलिकोबॅक्टर जंतूचा संसर्ग सर्वत्र असूनही बहुतेक भागांत जठर कर्करोगाचे प्रमाण पूर्व आशियाच्या मानाने कमी आहे. केवळ जंतू पुरेसा नाही, हे यातून सूचित होते. याला मोठा अपवाद मिझोराम राज्याचा होय. तेथील प्रमाण देशातील सर्वांत अधिक प्रमाणांपैकी आहे. तेथील पाहण्यांत धुरी दिलेले व खारवून सुकविलेले मांस व मासे, साउम हा आंबविलेल्या डुकराच्या चरबीचा पदार्थ आणि तंबाखूचे सेवन यांचा रोगाशी संबंध आढळला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील १९८८–९२ या काळातील रुग्णांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक पाहणीत आठवड्यातून किमान एकदा सुकी मासळी खाणाऱ्यांत जठर कर्करोगाचा धोका, ती कधीच न खाणाऱ्यांपेक्षा, कित्येक पटींनी अधिक दिसला. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना कोकण किनाऱ्यावर सुकट व सुके बोंबील हा जेवणाचा नेहमीचा भाग असतो, हे लक्षात घेता अशा पाहण्या किनाऱ्यावरील प्रत्यक्ष लोकवस्तीत होणे अगत्याचे आहे. कारण रुग्णालयातील तुलना सर्व समाजाला जशीच्या तशी लागू करता येत नाही.

प्रतिबंध : जपानमध्ये आकितासह अनेक प्रांतांत मीठ कमी करण्याच्या मोहिमा झाल्या, प्रशीतकांमुळे ताजी भाजी व मासे वर्षभर मिळू लागले आणि जठराच्या सामूहिक तपासण्या सुरू झाल्या. या सर्वांबरोबर वयोमानानुसार काढलेले जठर कर्करोगाचे मृत्युप्रमाण उतरत गेले. या उताराची सुरुवात जंतूचा शोध लागण्याच्या बरीच आधी झाली होती. २०१३ पासून तेथे जठरशोथ असलेल्या संसर्गितांच्या जंतुनाशक उपचारांचा खर्च आरोग्य विम्यातून दिला जातो. जगात २०२२ मध्ये जठर कर्करोगाचे सु. ९·७ लक्ष नवे रुग्ण आढळले व सु. ६·६ लक्ष मृत्यू झाले. दोन्ही दृष्टींनी तो कर्करोगांत पाचव्या स्थानी होता. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मध्ये खारवून टिकविलेल्या अन्नामुळे या रोगाचा धोका बहुधा वाढतो, असा निर्णय दिला. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅ. पेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. मीठ कमी करण्याने जंतूचा संसर्ग नाहीसा होत नाही आणि जंतू नष्ट केल्याने दीर्घकाळ इजा झालेले अस्तर पूर्ववत होईलच, असे नाही. त्यामुळे हे दोन्ही उपाय एकमेकांस पूरक असून जठराच्या अस्तराची अपपुष्टी होण्यापूर्वी ते योजल्यास त्यांचा लाभ सर्वाधिक होतो.